दुसरी तार

दिवाळीच्या फराळात सर्वांत अवघड काय, असे विचारले तर चकलीचे नाव घेणाऱ्या पुष्कळजणी भेटतील; मी मात्र पहिला मान पाकाला देईन. चकली बिघडली तर कडबोळे म्हणून खपवता येते. पाक बिघडला की लाडवांचा एक तर दगड होतो, नाही तर शिरा. या पाकाची सारी विद्या एका तारेत आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थेंब धरायचा, बोटे अलगद दूर करायची आणि तार निघते किती व तुटते कुठे हे पाहायचे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशा तिच्या पायऱ्या आपल्या आज्यांनी ठरवून ठेवल्या आहेत आणि त्यांना कधी तापमापकाची गरज भासली नाही.

ही झाली आपण विस्तवापाशी बसून मागून घेतलेली तार. दुसरी एक तार न बोलावता येते. उन्हाळ्यात सकाळी आणलेला उसाचा रस पातेल्यात तसाच विसरला, तर संध्याकाळी पळीमागोमाग बुळबुळीत धागा वर येतो. ‘तार आली’ असे म्हणून आपण तो मोरीत ओतून टाकतो. शब्द एकच, एका ठिकाणी ती पारख, दुसऱ्या ठिकाणी निकाल! मी मराठी शिकवते. शब्द एक आणि अर्थ दोन असे दिसले, की माझा पाय तेथे अडतो. या खेपेस तो असा अडला, की शब्दकोश मिटून मला सूक्ष्मजीवशास्त्राची पुस्तके उघडावी लागली.

त्याला कारणही घरचेच. माझे माहेर प्रवरेच्या काठचे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने १९५० च्या अखेरीस जेथे सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले, तो हा मुलूख. आमच्याकडे लग्नाच्या तिथीसुद्धा गळिताचा हंगाम पाहून धरतात. सासर नागपूरचे. येथे उसापेक्षा संत्र्याचे कौतुक अधिक, आणि पूर्वेला भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे निघाले की मोहाची झाडे लागतात. माहेर उसाचे आणि सासर संत्र्या-मोहाचे. या दोन्ही घरांत ज्याचा वावर आहे असा एक अदृश्य प्राणी मला पुढे भेटला.

त्याचे नाव जरा जड आहे: ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस. हे नाव त्याला फ्रान्समधील व्हान टिगेम यांनी १८७८ मध्ये दिले. युरोपातील साखर कारखान्यांत रसाच्या टाक्या आणि नळ कधी कधी बेडकाच्या अंड्यांसारख्या लिबलिबीत गोळ्यांनी भरून जात. कारखानदारांच्या डोक्याला तो ताप होता. त्या गोळ्यांत राहणारा हा जीवाणू. मेसेंटरी म्हणजे आतडी ज्या घडीदार पडद्याने बांधलेली असतात तो पडदा. त्याच्यासारखा दिसणारा, म्हणून हे नाव. नाव ठेवणाऱ्याला तो कितपत आवडला असेल हे यावरून दिसतेच.

आणि हाच जीव आपली इडली फुगवतो! १९६५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी इडलीच्या पिठाची तपासणी केली. तांदूळ आणि उडीद यांचे पीठ रात्रभर फुगते ते मुख्यतः या ल्यूकोनोस्टॉकमुळे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. ना यीस्ट, ना सोडा. तो बाहेरून आणावा लागत नाही. डाळीवर आणि तांदळावर तो आधीपासूनच असतो. कोबीवर असतो, उसाच्या पानावर असतो, फळाच्या सालीवर असतो. ज्यांना शास्त्रज्ञ लॅक्टिक आम्लाचे जीवाणू म्हणतात, आणि जुन्या मराठी पुस्तकांत ज्या आम्लाला दुग्धाम्ल म्हटले आहे, त्या गोतावळ्यातला हा एक. दुधातल्या भावंडांची ओळख आपल्याला विरजणामुळे झालेली आहे. झाडापानांवरच्या भावंडांकडे कोणी फारसे पाहिले नव्हते.

नागपूरच्या मे महिन्यात या जीवाची करामत पाहावी. डिसेंबरात ज्या पिठाला रजईत गुंडाळावे लागते, ते मेमध्ये दुपारच्या झोपेपुरतीही वाट पाहत नाही. “अगं, पीठ उतू जाऊन राहिलं!” अशी सासूबाईंची हाक माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीची खूणच होऊन बसली आहे. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील लागते. तेथे आंबट होणे हा गुण. तोच आंबटपणा वरणाला आला तर ते गाईला. मराठीने या बाबतीत मोठी बारकाई दाखवली आहे: पीठ आंबते, आपण ते आंबवतो, दूध नासते, वरण विटते, रस फसफसतो, फळ उतरते. आपल्याला हवे होते की नको होते, याचा निवाडा क्रियापदातच करून टाकलेला. जीवाणूला यांतले काही ठाऊक नाही. त्याला एकच चिंता आहे, आणि ती समजावून घेतली की रसाची तारही समजते.

ती चिंता आमच्या महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी मला शिक्षककक्षात चहाच्या कपावर समजावून दिली. ते म्हणाले, “मॅडम, पावसातून घरी आलात की पहिल्यांदा काय करता?”

“ओली छत्री टांगते.”

“आणि खुंटी नसली तर?”

“तर हातात धरून उभी राहीन.”

“मग स्वयंपाक कसा करणार? ल्यूकोनोस्टॉकचे दुखणे नेमके हेच आहे.”

साखर खायची म्हणजे तिचे तुकडे करून त्यांतून शक्ती काढायची. द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, ही कर्बाच्या सहा अणूंची साखळी. हा जीव तिच्यातला एक कर्ब तोडून वायूच्या रूपाने सोडून देतो. इडलीला जाळी पडते ती या वायूमुळे. उरलेल्या पाचांचे तीन आणि दोन असे भाग होतात. तिनाच्या भागाचे दुग्धाम्ल होते, तो आपला आंबटपणा. पण या तोडफोडीत हायड्रोजन सुटा होतो, आणि तो वाहून नेणारे रेणू पेशीत मोजकेच असतात. ते भरलेल्या हातांनी उभे राहिले की काम ठप्प. ही ओली छत्री. ती कोठे तरी टांगलीच पाहिजे. साधारणपणे हा जीव ती दोन कर्बांच्या तुकड्यावर टांगतो आणि त्या तुकड्याची दारू होते. थोडीशीच, इडली खाऊन कोणी झिंगल्याचे ऐकिवात नाही. मात्र असे केले की त्या तुकड्यातून मिळण्याजोगी शक्ती हातची जाते.

आता त्याच्यासमोर फलशर्करा, म्हणजे फ्रुक्टोज, आली समजा. वास्तविक तीही साखरच, आणि अधिक गोड. पण हा जीव ती सगळीच खात नाही. बरीचशी तो खुंटी म्हणून वापरतो! हायड्रोजन तिच्यावर टांगून मोकळा होतो, दोन कर्बांच्या तुकड्याचे दारूऐवजी व्हिनेगरचे आम्ल करतो आणि वाचलेली शक्ती खिशात घालतो. एका द्राक्षशर्करेमागे दोन फलशर्करा अशा टांगण्याकडे जातात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. म्हणजे साखरेच्या तीन रेणूंपैकी खायला एक आणि खुंट्या दोन. माणसाने असा संसार केला असता तर आपण त्याला उधळ्या म्हटले असते. पण ज्या घरात खुंट्यांचा पाऊस पडतो, तेथे काटकसर कशाला?

टांगलेल्या हायड्रोजनाने फलशर्करेचे जे होते, त्याला मॅनिटॉल म्हणतात. शर्करा आणि अल्कोहोल यांच्या मधल्या जातीचा हा पदार्थ. मद्य नव्हे, पांढरा, कोरडा, साखरेच्या सुमारे निम्म्या गोडीचा. सिसिलीतील एका झाडाच्या खोडातून पाझरणाऱ्या ‘मॅना’ नावाच्या गोड चिकात तो सापडला, म्हणून हे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये गायों आणि द्युबुर्ग हे बिघडलेल्या द्राक्षमद्याचा शोध घेत होते, तेव्हा जीवाणू फलशर्करेपासून तो बनवतात हे त्यांच्या लक्षात आले. युरोपातील आंबवलेल्या कोबीत तो असतो, कोरियातल्या किमचीत असतो. जनावरांसाठी मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यातही असतो.

खुंटीची ही सवय काहींच्या अंगी इतकी मुरली, की त्यांचे दुसरे सारे मार्ग बुजून गेले. जपानमध्ये १९५६ साली एका फुलावरून असा एक जीवाणू मिळाला. पुढे पिकलेल्या अंजिरांवर, आंबवलेल्या ड्युरियन फळात त्याचे भाऊबंद सापडले, आणि २००८ मध्ये या सर्वांना फ्रुक्टोबॅसिलस असे स्वतंत्र घराणे मिळाले. यांना नुसती द्राक्षशर्करा दिली तर ते वाढायला कुरकुर करतात. दारू बनवणारे जनुकच ते गमावून बसले आहेत! छत्री टांगायला त्यांना फलशर्करा हवी, निदान हवेतला प्राणवायू तरी हवा. पिढ्यान्‌पिढ्या फुलांत आणि फळांत राहिल्यावर दुसऱ्या खुंटीची गरजच पडली नसेल. मधमाशीच्या पोटातही अशाच स्वभावाचे एक कुळ नांदते. ते फुलावरून माशीकडे आणि माशीवरून फुलाकडे फिरत असते.

हे वाचताना मला मोहाची आठवण झाली. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची गरदार फुले टपटप खाली पडतात. उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. गोडीने ओथंबलेले इतके फूल दुसरे नसेल. ओली फुले ढिगाने राहिली तर आंबू लागतात, म्हणून ती अंगणात पातळ पसरून कडकडीत वाळवतात. दारूचे कर्तृत्व यीस्टचे, त्याचे अपश्रेय या बिचाऱ्या जीवाणूंना द्यायला नको. आणि नागपूरच्या संत्र्याबद्दलही एक सांगण्यासारखे आहे. ज्या कारखान्यांत संत्र्याचा रस आटवतात, तेथे ल्यूकोनोस्टॉक शिरला तर रसाला चक्क ताकाचा वास येतो. लोण्याचा सुगंध ज्या द्रव्यामुळे, तेच द्रव्य हा जीव रसात सोडतो. संत्र्यात ताक! पण या सगळ्या गमती झाल्या. मॅनिटॉल हा शब्द मी प्रथम ऐकला तो गमतीच्या प्रसंगी नव्हे.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि डोक्याला मार लागला. रात्री उलट्या सुरू झाल्या, बोलणे अडखळू लागले. रुग्णालयात मेंदूला सूज असल्याचे कळले आणि लगेच शिरेतून एक बाटली लावली. रात्रभर जागताना वाचायला दुसरे काही नव्हते. बाटलीवरची अक्षरेच पुनःपुन्हा वाचली: मॅनिटॉल, २० टक्के. सकाळी तरुण डॉक्टरांनी सांगितले, की हा साखरेसारखाच पदार्थ आहे, पण शरीर तो वापरीत नाही. रक्तात राहून तो सुजलेल्या मेंदूतले पाणी आपल्याकडे ओढतो आणि मूत्रपिंडांच्या वाटे त्या पाण्यासकट बाहेर पडतो. सासूबाई बऱ्या झाल्या. आता पीठ फुगले की नाही यावर पूर्वीपेक्षाही कडक नजर आहे. त्या बाटलीतला पदार्थ ल्यूकोनोस्टॉकचा उद्योग आहे, हे मला त्या चहाच्या वेळी कळले आणि कप खाली ठेवावा लागला.

अर्थात बाटलीतला मॅनिटॉल बहुधा जीवाणूने बनवलेला नसतो. कारखान्यात फलशर्करेवर निकेल धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन चढवतात. पण निकेलला डावे-उजवे कळत नाही. निम्मा मॅनिटॉल होतो आणि निम्मा त्याचा जुळा भाऊ सॉर्बिटॉल. जीवाणूचे विकर मात्र फक्त मॅनिटॉलच घडवते. या शतकाच्या सुरुवातीला फिनलंडमधील संशोधकांनी ल्यूकोनोस्टॉककडून तो मोठ्या प्रमाणावर बनवून घेण्याचे प्रयत्न केले, ते याच कारणाने. दिवाळीत ‘शुगर-फ्री’ मिठाईचा डबा घरात आला तर त्याच्यावरची बारीक अक्षरे वाचून पाहा. मॅनिटॉल, सॉर्बिटॉल, माल्टिटॉल अशी या जातीची नावे तेथे सापडतील. रक्तातली साखर ती फारशी चढवीत नाहीत हे खरे. मात्र मेंदूतून पाणी ओढणारा पदार्थ आतड्यातही पाणी ओढतो. तेव्हा मधुमेही काकांना पाचवा तुकडा आग्रहाने वाढू नये.

आता तारेकडे वळते. उसाची साखर म्हणजे द्राक्षशर्करा आणि फलशर्करा यांची हातात हात घातलेली जोडी. ल्यूकोनोस्टॉक पेशीबाहेर एक विकर सोडतो. ते ही जोडी फोडते आणि सुट्या झालेल्या द्राक्षशर्करा एकीला एक जोडीत लांबच लांब माळ गुंफते. ही माळ म्हणजे डेक्स्ट्रान, आपली ‘तार’. (शिळ्या अन्नाला येणारी प्रत्येक तार याचीच असते असे मात्र नव्हे, त्या धंद्यात इतरही आहेत.) मागे उरलेली फलशर्करा पेशीत जाते आणि खुंटी होते. म्हणजे रसाला तार आली, तेथे मॅनिटॉलही झाला असे समजावे. डेक्स्ट्रानचे नशीबही विलक्षण. स्वीडनमधील उप्साला येथे महायुद्धाच्या काळात बीटाच्या रसातील या चिकट पदार्थाचा अभ्यास चालला असता, रक्तद्रवाऐवजी तो शिरेतून देता येईल हे ग्रोनवाल आणि इंगेलमान यांनी १९४४ मध्ये दाखवून दिले. कारखान्यातली घाण रुग्णालयात औषध म्हणून दाखल झाली!

आमच्या दादाला या औषधाचे कौतुक सांगितले तेव्हा त्याने शांतपणे विचारले, “आणि उसाचं काय?”

त्याचा प्रश्न रास्त होता. ऊस उभा असतो तोवर त्याची साल त्याला राखते. कोयत्याचा घाव बसला की उघड्या तोंडातून ल्यूकोनोस्टॉक आत शिरतो. तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळप व्हावे असे शास्त्र सांगते. आता हंगामातले खरे चित्र पाहा. टोळी पहाटे तोडते, मोळ्या बांधते. पण गाडी येत नाही. आली तर वजनकाट्यापुढे रांग. कधी गव्हाणीत बिघाड. गेल्या हंगामात दादाच्या मोळ्या तीन दिवस बांधावर उन्हात पडल्या होत्या. ऊस वाळून वजन घटले ते त्याचे गेले. टोळीलाही मजुरी टनावर, तिचेही गेले. कांड्यांच्या तोंडांना आंबूस वास येऊ लागला होता. त्यात उसाच्या स्वतःच्या विकरांनीही साखर फुटत असते, सगळा दोष जीवाणूचा नाही. पण कारखान्याच्या पाइपात आणि गाळण्यांत जो चिकटा अडकतो, रस उकळायला जो वेळ खातो, साखरेचा दाणा सुईसारखा लांबट करतो, तो याचाच.

आणि येथे एक चमत्कारिक फसवणूक घडते. रसात साखर किती हे प्रकाशावरून मोजतात. साखरेचे द्रावण प्रकाशाच्या कंपनाची पातळी उजवीकडे वळवते. जितकी साखर, तितके वळण. पण डेक्स्ट्रानही उजवीकडेच वळवतो, आणि तोही साखरेच्या जवळजवळ तिप्पट. त्यामुळे नासलेल्या रसातली गेलेली साखर यंत्राला असल्यासारखी दिसते. रसात दिसलेली साखर पोत्यात मात्र उतरत नाही.

मॅनिटॉलला ही लबाडी साधत नाही. ताज्या उसात तो जवळजवळ नसतो. ऊस शिळा होत जाईल तसा वाढत जातो. अमेरिकेच्या शेतीखात्याच्या न्यू ऑर्लिन्स येथील प्रयोगशाळेत गिलियन एगल्स्टन यांनी ऊस किती बिघडला हे ओळखायला मॅनिटॉल ही फार संवेदनशील खूण असल्याचे दाखवले, आणि २००६ मध्ये कारखान्यातच काही मिनिटांत करता येईल अशी विकराची चाचणी प्रसिद्ध केली. खुंटीवर टांगलेल्या छत्र्या मोजायच्या आणि पाऊस किती वेळ पडत होता ते सांगायचे, असा तो प्रकार.

पैशांचा हिशेब मला दादानेच करून दाखवला. उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवते आणि तो साखरेच्या उताऱ्याला बांधलेला असतो. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये आणि त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३३ रुपये २० पैसे अधिक, असा तो होता. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याच्या उताऱ्यात ०.१ टक्क्याचा फरक पडला, तर शेतकऱ्यांच्या पदरात एक कोटी ६६ लाखांचा फरक पडतो. साखरेत तो ५०० टनांचा. उतारा कारखान्याचा सरासरी धरतात. त्यामुळे एकाच्या बांधावर शिळ्या झालेल्या मोळीचा तोटा ताजा ऊस घालणाऱ्यालाही सोसावा लागतो.

मी उत्साहाने म्हटले, “मग काट्यावर वजनाबरोबर मॅनिटॉलही मोजावा!”

दादा हसला. म्हणाला, “मोजतील, आणि शिळा म्हणून माझेच पैसे कापतील. गाडी उशिरा आली हे तुझा जंतू सांगणार आहे का?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या सहकाऱ्यांपाशीही नव्हते. माझे मत विचाराल तर चाचणी हवीच. पण तिच्यासोबत तोडीची वेळ, गाडी शेतात आल्याची वेळ आणि काट्यावर पोहोचल्याची वेळ या तिन्ही नोंदी पावतीवर हव्यात. नाही तर साक्ष खरी आणि शिक्षा भलत्यालाच, असे व्हायचे. दादा अशा सूचनांवर वाद घालीत बसत नाही. त्याने मुलीची जुनी शाळेची वही घेतली आणि तिच्यात तोडीच्या वेळा लिहायला सुरुवात केली. मागच्या हंगामातले शेवटचे पान त्याने मला मोबाइलवर पाठवले आहे. ‘सोमवार, सकाळी ७: तोड. मंगळवार: गाडी नाही. बुधवार, दुपारी ४: वजन.’ खाली लाल शाईने बेरीज मांडली आहे: ५७ तास.